मैत्रीचा कल आणि काय-वर्ग चाचणी

दोन गोष्टींचा, उदाहरणार्थ लिंग आणि उत्तर यांचा, खरंच संबंध आहे की दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचा, हे काय-वर्ग चाचणी तपासते. ‘तुमची मैत्री कोणाशी लवकर जमते?’ या प्रश्नाला तीन पर्याय देऊ: आपल्याच लिंगाच्या व्यक्तीशी, भिन्नलिंगी व्यक्तीशी, फरक पडत नाही. हे शब्द ठरवतानाच अर्धा निकाल ठरतो. पर्याय ‘स्त्रियांशी’ आणि ‘पुरुषांशी’ असे ठेवले आणि दोन्ही गटांचा ओढा आपापल्यांकडेच सारखा असला, तर लिंग आणि उत्तर यांचा घट्ट संबंध दिसेल. तीच माणसं ‘आपल्याच लिंगाच्या’ या स्तंभात मोजली की संबंध नाहीसा!

समजा, १२० स्त्रियांची उत्तरं अनुक्रमे ४८, १८, ५४ आणि ८० पुरुषांची २२, २२, ३६ आली. स्तंभांच्या बेरजा ७०, ४०, ९०. संबंध नसताच तर प्रत्येक चौकटीत किती जण असते? ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले २००. स्त्रियांसाठी ४२, २४, ५४. पुरुषांसाठी २८, १६, ३६. प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांतल्या फरकाचा वर्ग करून अपेक्षित संख्येने भागायचं आणि सहाही चौकटींची बेरीज घ्यायची: ५.८९. हेच काय-वर्ग मूल्य. यातले २.२५ एकट्या ‘पुरुष–भिन्नलिंगी’ चौकटीतून येतात. ‘फरक पडत नाही’चा वाटा शून्य.

स्वाधीनता मात्रा, म्हणजे बेरजा ठरल्यावर मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या चौकटी: (ओळी २−१)×(स्तंभ ३−१) म्हणजे २. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली ही चाचणी मांडली, पण अशा तक्त्यांसाठी या मात्रा जास्त धरल्या. ती चूक संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दुरुस्त केली. ५ टक्के पातळीला, म्हणजे संबंध नसताना तो आहे असं म्हणण्याचा धोका ५ टक्के धरला तर, सीमामूल्य ५.९९; बेरीज याच्या वर गेली तरच संबंध मानायचा. आपलं उत्तर केसभर खाली, पी-मूल्य (संबंध नसतानाही योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) सुमारे ०.०५३. म्हणजे संबंध सिद्ध झाला नाही. ‘संबंध नाही’ हेही सिद्ध झालं नाही. याच प्रमाणात ४०० जण विचारले असते तर बेरीज ११.७९ झाली असती आणि निकाल उलटला असता. संबंधाचं बळ मात्र तेवढंच: क्रामरचा व्ही (० ते १ मध्ये संबंधाचं बळ सांगणारा आकडा) दोन्ही वेळा ०.१७, म्हणजे क्षीणच. हा आकडा निकालासोबत द्यायलाच हवा.

तक्त्यात टक्केवारी भरू नये. सूत्र तिला माणसांची संख्या समजतं. एकपंचमांशाहून जास्त चौकटींत अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असेल, तर स्तंभ अर्थ राखून एकत्र करावेत किंवा लहान संख्यांसाठीची फिशरची अचूक चाचणी वापरावी.

या विषयात सर्वांत जास्त दगा देतं ते वेगळंच. मित्रमैत्रिणींचे घोळके एकत्र बसवून प्रश्नावली भरून घेतली की उत्तरं एकमेकांकडे बघून येतात. कागदावर २०० जण, स्वतंत्र मतं त्याहून बरीच कमी. सूत्राला मात्र ते कळत नाही.