साधा विश्वास

ख्रिस्ती जीवनात ईश्वरी आशीर्वाद ही स्वतःची कमाई नसून कृपेने मिळणारे दान आहे, असे मानून ते निःशंकपणे स्वीकारण्याची वृत्ती. ‘बालकासारखा विश्वास’ असाही तिचा उल्लेख होतो. पापक्षमा, रोगमुक्ती, रोजची भाकर यांपैकी कशावर भर द्यायचा, हे पंथागणिक बदलते.

या कल्पनेचा मुख्य आधार मार्ककृत शुभवर्तमानातील (१०:१३–१६) प्रसंग होय. बहुतेक अभ्यासक हे शुभवर्तमान साधारणतः इ. स. ६५ ते ७५ या काळातील मानतात. मुलांना येशूकडे आणणाऱ्यांना शिष्य दटावतात; येशू रागावतो आणि जो बालकासारखे देवाचे राज्य स्वीकारत नाही, त्याचा त्यात प्रवेश होणार नाही, असे बजावतो. बालकाचा कोणता गुण येथे अभिप्रेत आहे, याविषयी मतभेद आहेत. निष्पापपणा हे जुने व लोकप्रिय उत्तर. लूक (१८:१५) मात्र तान्ह्या मुलांचा उल्लेख करतो. तान्हे मूल आपली योग्यता सिद्ध करून काही मिळवत नाही. त्यामुळे पूर्ण परावलंबन हा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. रोमी सैन्यातील शताधिपती (मत्तय ८:५–१३) आणि येशूच्या वस्त्राला शिवणारी रक्तस्रावी स्त्री (मार्क ५:२५–३४) ही नेहमीची उदाहरणे. मार्क ९:२४ मधील पिता तर विश्वास आणि अविश्वास एका दमात बोलून दाखवतो, तरीही त्याचा मुलगा बरा होतो.

मध्ययुगात प्रश्न वेगळ्या अंगाने पुढे आला : अशिक्षित भाविकाला सिद्धांत किती कळायला हवेत? सेंट टॉमस अक्वाइनस (सु. १२२५–७४) यांच्या मते सर्व तपशील स्पष्टपणे जाणण्याचे बंधन सर्वांवर सारखे नाही, चर्च जे मानते त्यात सामान्य माणसाचा विश्वास गर्भित असू शकतो. या मताची खिल्ली उडवणारी कोळसेवाल्याची कथा धर्मसुधारणेच्या काळात प्रसिद्ध होती. ‘तू काय मानतोस?’ ‘चर्च मानते ते.’ ‘चर्च काय मानते?’ ‘मी मानतो ते.’ कथेचे मूळ निश्चित नाही. काही कॅथलिक लेखकांनी तीच कथा कौतुकानेही सांगितली. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनने गर्भित विश्वासावर कठोर टीका केली. प्रॉटेस्टंट परंपरेत पुढे ज्ञान, संमती आणि भरवसा असे विश्वासाचे तीन घटक सांगितले जाऊ लागले. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी हे प्रॉटेस्टंट शिकवणीचे पुस्तक (१५६३, प्रश्न २१) खात्रीचे ज्ञान व मनःपूर्वक भरवसा या दोहोंचा समावेश करते. अठराव्या शतकात स्कॉटिश धर्मोपदेशक रॉबर्ट सँडमनने विश्वास म्हणजे सत्याला दिलेली निव्वळ संमती, असे प्रतिपादन केले. इंग्लिश बॅप्टिस्ट धर्मशास्त्रज्ञ अँड्र्यू फुलरने १८१० मध्ये त्याचे खंडन केले. फुलरची बाजू सामान्यतः सरस मानली जाते.

एकोणिसाव्या शतकातील ठळक उदाहरण जॉर्ज म्यूलर (१८०५–९८) यांचे. १८३६ मध्ये ब्रिस्टल येथे त्यांनी अनाथगृह सुरू केले. कोणाकडेही देणगी मागायची नाही, गरज फक्त प्रार्थनेत सांगायची, हा त्यांचा नियम होता. आलेल्या देणग्यांचा बारीकसारीक हिशेब ते अहवालांतून छापत. हे अहवालच अप्रत्यक्ष आवाहन ठरत, असा आक्षेप घेतला गेला; तो अगदीच निराधार म्हणता येत नाही.

‘मिळाले आहे असे माना, म्हणजे मिळेल’ या शिकवणीच्या उगमाचा वाद अद्याप मिटलेला नाही. मार्क ११:२४ वर आधारलेली ही शिकवण विसाव्या शतकात अमेरिकन धर्मोपदेशक केनेथ हेगिन (१९१७–२००३) यांनी लोकप्रिय केली. तिचा वैचारिक पाया ई. डब्ल्यू. केनियन (१८६७–१९४८) यांच्या लेखनात आहे, हे बहुधा सर्वमान्य आहे. डी. आर. मॅकॉनेल यांनी १९८८ मध्ये केनियनच्या विचारांचे मूळ मनःशक्तीवादी ‘न्यू थॉट’ चळवळीत असल्याचे मांडले. बॉस्टन येथील इमर्सन कॉलेजात न्यू थॉटचे वातावरण होते, म्हणून तेथील केनियन यांचे शिक्षण हा त्यांच्या मते त्यातील एक दुवा. इतर अभ्यासक फीबी पामर (१८०७–७४) यांची पावित्र्य चळवळ आणि एकोणिसाव्या शतकातील विश्वासोपचार (प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या) चळवळीकडे बोट दाखवतात. प्रार्थनेचे फळ दिसण्यापूर्वीच ते मिळाले असे मानण्याची शिकवण त्या चळवळींत आधीपासून होती. त्यामुळे हे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. न्यू थॉटचा प्रभाव पूर्णपणे नाकारणेही कठीण आहे. या शिकवणीचे टीकाकार प्रेषित पौलाच्या ‘शरीरातील काट्या’चा (त्याला छळणाऱ्या पीडेचा) दाखला देतात : तीन वेळा विनवूनही काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर मिळाले (२ करिंथ १२:७–९).

कॅथलिक परंपरेत लिझ्यूच्या सेंट तेरेझा (१८७३–९७) यांचा ‘लहान मार्ग’, म्हणजे लहान मुलासारखे देवावर विसंबून राहणे, या वृत्तीला जवळचा आहे. १९९७ मध्ये त्यांना चर्चच्या आचार्यांत (ज्यांची शिकवण चर्च विशेष अधिकृत मानते अशा संतांत) स्थान देण्यात आले.