प्रश्न टाकणारे आणि प्रश्न उचलणारे : नागपूरच्या गणित मंडळांमागचा इतिहास

नागपूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांत गणित मंडळाचं वर्ष पावसाळ्यात सुरू होतं. प्रवेश आटोपतात, वर्ग लागतात, विभागात बैठक होऊन अध्यक्ष-सचिव ठरतात आणि एखाद्या पाहुण्या प्राध्यापकांच्या व्याख्यानाने उद्घाटन होतं. मोठा कार्यक्रम मात्र २२ डिसेंबरचा. श्रीनिवास रामानुजन यांचा हा जन्मदिवस २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. नेमकं त्याच सुमारास हिवाळी अधिवेशन असतं, सिव्हिल लाइन्समध्ये मोर्चे आणि बंदोबस्त असतो, तरी मुलं पोस्टर घेऊन वेळेवर पोहोचतात. प्रश्नमंजूषा होते, सेमिनार होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात.

अनेकांना वाटतं की गणित मंडळ म्हणजे एवढंच. पण अशा मंडळांचा जन्म दिवस साजरे करण्यासाठी झाला नव्हता. पुस्तकं मिळत नव्हती, बोलायला माणूस मिळत नव्हता, म्हणून ती निघाली.

लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात १७१७ साली एक गणित मंडळ सुरू झालं. त्यात विणकर होते, छोटे कारागीर होते. शनिवारी संध्याकाळी ते जमत. त्यांचा एक नियम फार मोलाचा होता : एका सभासदाने दुसऱ्याला गणिताचा प्रश्न विचारला, तर त्याने तो आपल्या परीने समजावून सांगितलाच पाहिजे. नागपूरच्या तांडापेठ-पाचपावलीतल्या हातमागांचा खटखटाट ज्यांनी ऐकला आहे, त्यांना दिवसभर मागावर बसून संध्याकाळी भूमितीला बसणारी ही माणसं परकी वाटणार नाहीत. हे मंडळ सव्वाशे वर्षांहून अधिक टिकलं आणि १८४५ साली तिथल्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत विलीन झालं.

नागपुरात गणिताची बैठक त्याहून वेगळ्या वाटेने आली. इथे विद्यापीठ नव्हतं, महाविद्यालयही नव्हतं, तेव्हा भोसल्यांच्या राजवटीत पाठशाळा होत्या. पुण्यात १८२१ साली जन्मलेले बापूदेव शास्त्री लहानपणी नागपुरात शिकले. ढुंढिराज मिश्र या पंडितांकडे त्यांनी भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित यांचा अभ्यास केला. १८३८ साली लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने या मुलाची तयारी पाहिली आणि त्याला पुढच्या शिक्षणासाठी भोपाळजवळच्या सिहोरला नेलं. तिथून बापूदेव काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गेले आणि एकोणिसाव्या शतकातले मोठे गणिती-ज्योतिषी म्हणून नावाजले. भास्कराचार्यांच्याच सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथातल्या गोलाध्यायाचं विल्किन्सनने केलेलं भाषांतर बापूदेवांनी तपासलं आणि ते १८६१ साली प्रसिद्ध झालं. नागपूरच्या गणिताचा इतिहास सांगताना आपण कॉलेजांपासून सुरुवात करतो, हे मला पटत नाही. लीलावतीतली उदाहरणं समोरच्याला हाक मारून विचारलेली आहेत : मधमाश्या इतक्या, त्यांतल्या इतक्या या फुलावर गेल्या, तर सांग पाहू थवा किती. प्रश्न मोठ्याने म्हणायचा आणि ऐकणाऱ्याने तो उचलायचा, ही रीत इथे इंग्रजी शिक्षणाच्या आधीपासून होती.

१८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज निघालं, १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज, १९०६ मध्ये व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आजची शासकीय विज्ञान संस्था. परीक्षा मात्र परगावच्या होत्या. महाविद्यालयं आधी कोलकाता विद्यापीठाशी जोडलेली होती, पुढे अलाहाबादशी. इथला विद्यार्थी जी प्रश्नपत्रिका सोडवत असे, ती काढणारा परीक्षक शेकडो मैल दूर असे. गणितात पुढे काय चाललं आहे हे कळण्याचं साधन म्हणजे परदेशी नियतकालिकं, आणि ती एकट्या प्राध्यापकाला परवडणारी नव्हती.

नेमकी ही अडचण व्ही. रामस्वामी अय्यर यांना सतावत होती. ते मद्रास इलाख्यात गुत्ती इथे डेप्युटी कलेक्टर होते. नोकरी महसुलाची, ओढ गणिताची. १९०६ च्या डिसेंबरात त्यांनी देशभरच्या ओळखीच्या गणितप्रेमींना पत्रं पाठवली : आपण वर्गणी काढू, नियतकालिकं आणि पुस्तकं मागवू, आणि ती टपालाने एकमेकांना फिरवू. ४ एप्रिल १९०७ रोजी वीस सभासदांनिशी 'अॅनॅलिटिक क्लब' स्थापन झाला. लवकरच त्याचं नाव इंडियन मॅथेमॅटिकल क्लब झालं आणि १९१० पासून इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात ठेवलं. तिथे प्राचार्य होते रँग्लर र. पु. परांजपे, १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, पहिले भारतीय. पुण्याहून अंक निघायचे आणि एका सभासदाकडून दुसऱ्याकडे जायचे. आज ज्याच्या मोबाइलमध्ये जगभरचे शोधनिबंध उघडतात, त्याला एक अंक हाती येण्याची वाट पाहणं म्हणजे काय हे समजायला थोडा वेळ लागेल. पण भारतातली ही सर्वात जुनी गणित संस्था या वाट पाहण्यातून उभी राहिली.

१९०९ पासून संस्थेचं स्वतःचं नियतकालिक निघू लागलं आणि त्यात प्रश्नांचं सदर होतं. कोणीही प्रश्न पाठवावा, कोणीही उत्तर द्यावं. १९११ साली पदवी नसलेल्या एका तरुणाचा बर्नुली संख्यांवरचा लेख त्यात छापून आला. तो रामानुजन यांचा पहिला लेख. त्याआधी, १९१० मध्ये, नोकरीच्या शोधात ते रामस्वामी अय्यर यांनाच जाऊन भेटले होते, वही घेऊन. पुढच्या काळात त्यांनी या सदरात पन्नासहून अधिक प्रश्न घातले. त्यातला एक, क्रमांक २८९, कुठल्याही गणित मंडळाच्या पहिल्या बैठकीत फळ्यावर लिहावा असा आहे :

√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …)))) = ?

सहा महिने उत्तर आलं नाही. शेवटी रामानुजन यांनीच ते दिलं : ३. उलगडा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षालाही कळतो. ३ म्हणजे √९, आणि ९ म्हणजे १ + २ × ४. आता हा ४ म्हणजे √१६, आणि १६ म्हणजे १ + ३ × ५. तो ५ म्हणजे √२५, आणि २५ म्हणजे १ + ४ × ६. असं उतरत गेलं की अख्खी साखळी तयार होते. मात्र ही साखळी अनंतापर्यंत नेली तरी किंमत ३ वरच का स्थिरावते, हे सिद्ध करायला वेगळा विचार लागतो, आणि चांगली बैठक इथे तासभर अडकते. अडकायलाच हवी.

१९०८ साली कोलकात्यात आणि १९१८ साली गणेश प्रसाद यांच्या पुढाकाराने बनारसला गणिताच्या संस्था निघाल्या. पुणे, कोलकाता, काशी या तिन्ही ठिकाणांच्या मधोमध नागपूर. १९२० मध्ये प्रफुल्लचंद्र राय यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन सायन्स काँग्रेस इथे भरली, तेव्हाही शहराला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. ते ४ ऑगस्ट १९२३ रोजी आलं. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू, संलग्न महाविद्यालयं सहा, विद्यार्थी ९२७. आता अभ्यासक्रम इथे ठरू लागला, प्रश्नपत्रिका इथे निघू लागल्या, आणि विषयांच्या मंडळांना घर मिळालं. १९७४ ला सायन्स काँग्रेस नागपुरात भरली, तेव्हा अध्यक्षपदी प्रा. आर. एस. मिश्र हे भूमितीचे गणिती होते. विद्यापीठाच्या शताब्दी वर्षात, जानेवारी २०२३ मध्ये, १०८ वी काँग्रेस अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसरात झाली.

मराठी मुलखातल्या गणित मंडळांना आणखी एका माणसाने मोठं खाद्य पुरवलं : दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. देवळालीचे शाळामास्तर, १९३० ते १९६२ नोकरी, पदव्युत्तर शिक्षण नाही. फर्ग्युसनमध्ये विद्यार्थी असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं. चार अंकी संख्यांची ठरावीक वजाबाकी करत गेलं की शेवटी ६१७४ च उरतात, ही किमया (तो खेळ शेवटी दिला आहे) त्यांनी १९४९ साली मद्रासच्या परिषदेत मांडली. अनेक गणितींनी हे काम हलकं समजून बाजूला ठेवलं. १९७५ मध्ये गणिताची कोडी लोकप्रिय करणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकात त्याविषयी लिहिलं आणि नाव जगभर झालं. आपल्या माणसाची किंमत बाहेरून कळावी लागली, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढचे टप्पे भराभर आले. १९८३ मध्ये राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळ ही गणिताला चालना देणारी सरकारी संस्था स्थापन झाली, १९८९ पासून भारताचा संघ आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला जाऊ लागला, १९९६ चं ऑलिंपियाड मुंबईत झालं. १९९३ मध्ये एस. कुमरेसन यांनी एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) ही उन्हाळी शिबिरं सुरू केली. तिथे शिक्षक उत्तर सांगत नाही, प्रश्नामागून प्रश्न विचारत राहतो. लहान महाविद्यालयांतून आलेल्या मुलांना गणितावर बोलतं करण्याचं श्रेय या शिबिरांना आहे.

सेमिस्टर पद्धत आल्यापासून मंडळाच्या हाती कमी दिवस उरतात. हिवाळी परीक्षा संपते तोवर उन्हाळीचे अर्ज येतात. अशा वेळी पाहुण्यांचं एक व्याख्यान आणि एक प्रश्नमंजूषा घेऊन मोकळं होण्याचा मोह समजू शकतो. तरीही माझं मत असं की व्याख्यान एक कमी करावं आणि तो तास खडू विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. सभागृह लागत नाही, बॅनर लागत नाही. चार मुलं आणि न पुसलेला एक फळा पुरतो.

सुरुवातीला कापरेकरांचा खेळच घ्यावा. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या, समजा ३५२४. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी : ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि इथून पुढे ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या इथेच येतात. तीन अंकी घेतल्या तर ४९५ वर. पाच अंकी घेतल्या तर मात्र मुक्कामाची अशी एक संख्या सापडत नाही, संख्या फेऱ्यात पडतात. त्यातला सर्वात छोटा फेरा दोघांचाच आहे : ५३९५५ वरून ५९९९४, आणि ५९९९४ वरून परत ५३९५५. असे एकूण तीन फेरे आहेत. उरलेले दोन चार-चार संख्यांचे आहेत. ते शोधायला एक दुपार पुरेल, आणि तीनच का हे सिद्ध करायला पुढची बैठक ठेवावी.