मनोराज्य आणि कल्पनाचित्रण: डोळे मिटल्यावर नेमकं काय पाहायचं?

दोन माणसं डोळे मिटून बसली आहेत. दोघांच्याही मनात त्यांना हवं असलेलं आयुष्य आहे आणि चेहऱ्यावर समाधान आहे. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच फरक दिसणार नाही. पण एक जण मनोराज्यात रमलेला आहे आणि दुसरा कल्पनाचित्रण करतो आहे, म्हणजे ज्याला आपण सर्रास व्हिज्युअलायझेशन म्हणतो ते. या दोहोंची गल्लत झाली की माणसं वर्षानुवर्षं मनापासून चुकीचा सराव करत राहतात, आणि मग 'यात काही अर्थ नाही' म्हणून चांगलं साधनही टाकून देतात. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

मनोराज्यात आपण पोहोचलेले असतो. पुस्तक छापून आलेलं असतं, वजन उतरलेलं असतं, नवी नोकरी लागलेली असते. वाट गाळलेली असते. कल्पनाचित्रणात आपण वाटेवर असतो: खुर्ची ओढतो, वही उघडतो, पहिलं वाक्य जमत नाही, उठावंसं वाटतं, तरी बसून राहतो.

हा फरक कागदावर छोटा दिसतो, प्रत्यक्षात मोठा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत लिएन फाम आणि शेली टेलर यांनी विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षेआधीचे काही दिवस रोज थोडा वेळ काही जणांनी उत्तम गुण मिळाल्याचं चित्र पाहायचं, आणि काहींनी त्या गुणांसाठी आपण अभ्यास कसा करतो आहोत ते पाहायचं. अभ्यास पाहणाऱ्यांची तयारी चांगली झाली आणि गुणही निकाल पाहणाऱ्यांपेक्षा जास्त मिळाले. त्याची कारणं मला गुणांपेक्षा मोलाची वाटतात: त्यांचं नियोजन सुधारलं होतं आणि परीक्षेची धास्ती कमी झाली होती. मनात एकदा करून पाहिलेलं काम परकं वाटत नाही.

मग मनोराज्य नुसतं निरुपयोगी की अपायकारक? गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं याच प्रश्नाचा पाठपुरावा करत आहेत. शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा त्यांनी अभ्यास केला. दोन वर्षांनी असं दिसलं, की जे यशाच्या गोड कल्पनांमध्ये जास्त रमत होते त्यांनी अर्ज कमी पाठवले होते, त्यांना नोकऱ्याही कमी चालून आल्या आणि पगारही कमी मिळाला. हे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातलाच एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. 'मला नोकरी मिळेल' अशी खात्री वाटणारे मात्र पुढे गेले होते. खात्री मागच्या अनुभवावर उभी असते, मनोराज्याला तसा काहीच आधार लागत नाही. म्हणजे आशावादी असणं आणि मनोराज्यात रमणं, या दोन गोष्टीही एक नव्हेत.

हेदर कॅपेस आणि ओटिंगेन यांनी 2011 मध्ये दाखवलेली गोष्ट तर थेट शरीरातली आहे. गोड कल्पना रंगवल्यावर लोकांचा वरचा रक्तदाब उतरला. अंगातली उभारी ओसरली. जे अजून मिळवायचं आहे ते मिळाल्यासारखं वाटलं, की शरीर कमरेचा पट्टा सैल करून आराम करू लागतं. 'मनात मांडे खाणे' हा वाक्प्रचार आपण कुचेष्टेने वापरतो, पण इथे तो अगदी शब्दशः लागू पडतो. मांडे मनातलेच, पण भूक खरोखर मरते.

म्हणून ओळखायची माझी खूण साधी आहे. डोळे उघडल्यावर काय वाटतं ते पाहा. तृप्त वाटलं, अजून थोडा वेळ तिथेच राहावंसं वाटलं, तर ते मनोराज्य. उठून एखादी लहानशी गोष्ट करावीशी वाटली, तर ते कल्पनाचित्रण.

मनातला सराव खरोखर किती खोल जातो, हे मेंदूतज्ज्ञ अल्वारो पास्कुआल-लिओने यांच्या पियानोच्या प्रयोगातून कळतं. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात काही जणांनी पाच दिवस, रोज दोन तास, पाच बोटांचा एक धडा पियानोवर वाजवला. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ तो फक्त मनात वाजवला. बोटांच्या हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात दोन्ही गटांत सारखेच बदल दिसले. मनात वाजवणारे पाचव्या दिवशी, प्रत्यक्ष वाजवणारे तिसऱ्या दिवशी जिथे होते तिथे पोहोचले होते, आणि त्यानंतर दोन तास प्रत्यक्ष सराव मिळताच त्यांनी बरोबरी गाठली. त्यांनी मनात बोटं हलवली होती, टाळ्या ऐकल्या नव्हत्या. आणि शेवटचे दोन तास प्रत्यक्ष वाजवावंच लागलं.

दुसरा मोठा फरक अडचणींचा. मनोराज्यात अडचण येत नाही, आली तर मजाच जाते. कल्पनाचित्रणात ती मुद्दाम बोलवायची असते. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स शर्यतीआधी मनात पोहायचा तेव्हा बिघडलेली शर्यतही पोहून पाहायचा. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 200 मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं आणि भिंत दिसेनाशी झाली. तो हाताचे फटके मोजत पोहला आणि 1 मिनिट 52.03 सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकला.

ओटिंगेन यांची पद्धत हेच क्रमाने करायला लावते: इच्छा, ती पुरी झाल्याचं सुख, मग आपल्या आतला अडथळा, आणि शेवटी 'असं झालं तर मी तसं करीन' असा ठराव. म्हणजे गोड चित्राला बंदी नाही, त्याच्यावर थांबायला बंदी आहे. या क्रमाने गेल्यावर कधी कधी असंही उमगतं, की ही इच्छा आपल्या आवाक्यातली नाही. मग माणूस ती सोडून देतो आणि दुसरीकडे मोकळा होतो. मनोराज्य ही सुटका कधीच देत नाही.

ज्यांना मनात चित्रच दिसत नाही त्यांनी निराश होऊ नये. अशी माणसं असतात. मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन यांनी 2015 मध्ये या स्थितीला 'अफँटेसिया' असं नाव दिलं. पायऱ्या शब्दांत, स्वतःशी बोलूनही मांडता येतात.

मी स्वतः कित्येक वर्षं छापून आलेलं पुस्तक हातात धरल्याचं चित्र पाहत होतो, अगदी कागदाच्या वासासकट. एक पानही लिहून झालं नव्हतं. आता झोपण्याआधी मी उद्याची सकाळ पाहतो: फोन दुसऱ्या खोलीत, समोर कालचं अर्धवट वाक्य, दहाव्या मिनिटाला येणारा कंटाळा आणि त्या क्षणी न उठणारा मी. मुखपृष्ठ कसं असेल, हे हल्ली मला दिसत नाही. एकशे चाळीस पानं झाली आहेत.