साठीनंतरची सकाळ : अंथरूण सोडल्यापासून न्याहारीपर्यंत

सर्व ग्राहकांस सस्नेह नमस्कार.

आमच्या दुकानातून काठी, वॉकर, कमोडची खुर्ची किंवा रक्तदाब मोजण्याचे यंत्र नेणारी बहुतेक मंडळी नाशिक शहरातील आणि आसपासच्या तालुक्यांतील ज्येष्ठ नागरिक किंवा त्यांची मुले-सुना असतात. खरेदी आटोपली, की सकाळी उठल्यावर काय केले म्हणजे हातपाय शेवटपर्यंत चालते राहतील, हा प्रश्न हमखास निघतो. पहाटे चारला उठण्याचे आणि तऱ्हतऱ्हेचे रस पिण्याचे सल्ले मोबाइलवर रोज येत असतात, परंतु साठी ओलांडलेल्या माणसाने सकाळी न पडता उठावे आणि पायांतील ताकद टिकवावी, बाकी सर्व त्यानंतर, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अंथरूण सोडताना

रात्रभर आडवे असलेले शरीर एकदम उभे केले, की रक्त पायांकडे उतरते. तरुण वयात रक्तवाहिन्या क्षणात आवळल्या जातात, हृदयाचे ठोके वाढतात आणि मेंदूला रक्त कमी पडत नाही. वय वाढते तशी ही व्यवस्था मंदावते, आणि रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर अधिकच. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवे.

म्हणून जाग आल्यावर आधी पडल्यापडल्याच पावले वरखाली हलवावीत, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठून बसावे, पाय जमिनीला टेकवून दोन मिनिटे तसेच बसावे आणि मगच उभे राहावे. उभे राहिल्यावरही पलंगाला किंवा भिंतीला हात लावून दहापर्यंत आकडे मोजावेत. पहाटे लघवीची घाई असते तेव्हा नेमका हाच क्रम मोडतो, त्यामुळे मोरीपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा रात्रभर चालू ठेवावा. त्या वाटेवरील सरकणारे पायपुसणे आणि सैल झालेल्या स्लिपर आजच बाजूला काढाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे दगावतात. मांडीचे हाड खुब्यापाशी मोडल्यावर अनेकांचे घराबाहेर पडणे कायमचे थांबते, हे आम्ही वॉकर देताना नेहमी पाहतो.

संडासात व न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवून घ्या, असे आम्ही आग्रहाने सांगतो. त्यामागे केवळ विक्रीचा हेतू नाही. उठताना हात आपोआप टॉवेलच्या नळीवर, नळाच्या तोटीवर किंवा बेसिनच्या काठावर जातो, आणि यांपैकी एकही वस्तू माणसाचे वजन पेलण्यासाठी बसवलेली नसते. नळीचे दोन छोटे स्क्रू टाइलमागच्या गिलाव्यातून उपटून येतात आणि माणूस नळीसकट खाली येतो. आधाराचा दांडा विटेपर्यंत किंवा काँक्रीटपर्यंत जाणाऱ्या लांब स्क्रूंनी बसवावा लागतो, आणि बसवल्यावर एखाद्या धडधाकट माणसाने त्याला लोंबकळून खात्री करून घ्यावी. गुडघे दुखत असूनही भारतीय पद्धतीच्या भांड्यावरच बसण्याची सवय असलेल्यांनी वर ठेवायची कमोडची खुर्ची वापरण्यात संकोच मानू नये.

रक्तदाब मोजताना

सकाळचा रक्तदाब लघवी करून आल्यावर, चहाच्या, न्याहारीच्या आणि रक्तदाबाच्या गोळीच्या आधी मोजावा. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे न बोलता बसावे. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटे वर बांधावा आणि दंड छातीच्या उंचीवर येईल असा हात टेबलावर ठेवावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर राहू लागली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे, पण एखाद्या दिवशीच्या चढ्या आकड्याने घाबरून गोळी स्वतःहून वाढवू नये.

ग्रामीण भागातील अनेक आजींना सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे वाटते. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. तिने नाडी व रक्तदाब वाढतो आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. कोमट पाणी किंवा चहा पोटात गेल्यावर आतड्यांची हालचाल एरवीही सुरू होते, त्यामुळे मशेरी सोडण्याचा निश्चय जरूर करावा आणि घरच्यांनी त्यात साथ द्यावी.

फिरणे आणि ऊन

हिवाळ्यात निफाडकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि नाशिकची पहाटही बोचरी असते. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि हृदयविकाराचे झटके एरवीही सकाळच्या वेळी अधिक येतात. शिवाय थंड हवेचा थर खाली बसल्याने शेकोट्यांचा व वाहनांचा धूर जमिनीलगत साचून राहतो. डिसेंबर-जानेवारीत अंधारात फिरायला निघण्यापेक्षा सूर्य चांगला वर आल्यावर निघणे आम्हाला शहाणपणाचे वाटते. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ लागते आणि रात्री झोप वेळेवर येते. मात्र 'ड' जीवनसत्त्व कोवळ्या उन्हातून फारसे मिळत नाही, त्यासाठी ऊन थोडे चढल्यावर हातपाय उघडे ठेवून काही वेळ बसावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि पासष्टीपुढील व्यक्तींनी त्यातच तोल व ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत. आपल्याकडे फिरण्याचा नेम असतो, ताकदीचा व्यायाम मात्र राहून जातो. जपानमध्ये १९२८ पासून सकाळी रेडिओवरील संगीताबरोबर व्यायाम करण्याची प्रथा आहे आणि वृद्ध मंडळी त्यात आवर्जून सामील होतात. आपल्याला घरातील साधी खुर्ची पुरेशी आहे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीवर घडी घालून, न टेकता पूर्ण उभे राहावे आणि सावकाश बसावे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला ३० सेकंदांत बारापेक्षा किंवा स्त्रीला दहापेक्षा कमी वेळा हे जमत असेल, तर पडण्याचा धोका वाढलेला समजावा. हीच परीक्षा रोजचा व्यायामही होऊ शकते. सुरुवातीला कोणीतरी जवळ उभे असावे.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब फिरायला जाऊ नये आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे असतात. मोजल्यावर ती ७० च्या खाली आढळली तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यावी.

गोळ्या आणि न्याहारी

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांमध्ये आणि तिच्यामध्ये चार तासांचे अंतर हवे. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास आडवे होऊ नये, अन्यथा अन्ननलिकेला जखम होऊ शकते. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी उठल्याबरोबर तांब्याभर पाणी पिण्याचा सल्ला आपल्याला लागू आहे असे समजू नये.

दुधीचा रस पिणाऱ्यांना एक कळकळीची सूचना आहे. पिण्याआधी दुधीची फोड चाखावी, आणि ती किंचितही कडू लागली तर संपूर्ण दुधी टाकून द्यावा. कडू दुधीच्या रसाने उलट्या, रक्तस्राव व रक्तदाब एकाएकी कोसळणे असे प्रकार होऊन माणसे दगावली आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये याबाबत सावध केले होते.

चहा आणि खारी किंवा टोस्ट एवढ्यावर सकाळ भागवणाऱ्या ज्येष्ठांच्या स्नायूंना प्रथिने मिळत नाहीत. परिषदेने प्रौढांसाठी किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम, आणि त्यांतील चांगला वाटा न्याहारीतून जावा. मोडाची मटकी वाफवून, मुगाचे धिरडे, पोह्यांबरोबर वाटीभर दही, चालत असल्यास अंडे. कवळी नसेल तर मूगडाळीची पातळ खिचडी किंवा दुधातील नाचणीचे सत्त्व.

चेहरा एका बाजूला ओघळणे, हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे किंवा छातीत दडपण येऊन घाम फुटणे यांपैकी काही सकाळी उठल्यावर जाणवले, तर 'गॅस असेल' म्हणून वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ डॉक्टरांना सांगावी.

घरातील रक्तदाबाचे यंत्र वर्षातून एकदा दुकानात घेऊन यावे. आपल्या दंडाचे माप घेऊन पट्टा योग्य आकाराचा आहे ना, हे आम्ही पाहून देतो. जाड दंडावर लहान पट्टा बांधल्यास आकडा खोटा चढा येतो. यंत्र आमच्याकडून घेतलेले नसले तरी चालेल.