टाचणी विसरली, हात विसरला नाही

चवथीला गोव्यात घरी येणाऱ्या मंडळींकडून हमखास ऐकू येतं, "आईला अल्झायमर आहे, आम्ही येऊन गेल्याचंसुद्धा आठवत नाही, मग वृद्धाश्रमात जाऊन करायचं काय?" त्यांची अडचण खरी आहे, पण स्मरण म्हणजे मेंदूचं एकच खातं हा समज चुकीचा.

१९११ साली एदुआर क्लापारेद या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्मृती गमावलेल्या एका बाईंशी हात मिळवताना बोटांत टाचणी लपवली. ती टोचली. थोड्याच वेळात बाई तो प्रकार साफ विसरल्या. त्याने पुन्हा हात पुढे केला तेव्हा मात्र त्यांनी आपला हात झटकन मागे घेतला, आणि का ते त्यांना धड सांगता येईना.

घडलेलं टिपून ठेवतो तो कानशिलाच्या आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस. त्याच्याकडे माहिती पोचते ती प्रामुख्याने शेजारच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समधून, आणि अल्झायमरची पडझड साधारण तिथूनच सुरू होते. म्हणून सकाळची पेज खाल्ल्याचं दुपारी आठवत नाही. भावनेची वाट निराळी. अमिग्डाला या मेंदूतल्या भावनेच्या केंद्राकडून निघालेला संदेश हायपोथॅलॅमस या शरीराचा कारभार पाहणाऱ्या भागामार्फत नाडीपर्यंत, संप्रेरकांपर्यंत जातो. त्यासाठी हिप्पोकॅम्पसची नोंद लागत नाही. अमिग्डालाही या आजारात झिजतो, तरी भावना उमटते आणि रेंगाळते. आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना चित्रपटांतले दुःखी आणि आनंदी तुकडे दाखवले. पाहिलेलं बरंचसं ते पाच मिनिटांत विसरले, पण ती मनःस्थिती अर्ध्या तासापर्यंत टिकली. गंमत म्हणजे ज्यांना कमी आठवत होतं, त्यांचं दुःख जास्त रेंगाळलं!

तेव्हा गेल्या गेल्या "ओळख पाहू मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नये. नापास झाल्याची खंत उरते, कशामुळे ते उरत नाही. सरळ सांगावं, "आई, मी तुझा धाकटा." टीव्ही बंद करून समोर, उजेडात बसावं. म्हातारपणी आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे स, श, फ नीट ऐकू येत नाहीत. ओरडण्यापेक्षा सावकाश, खालच्या पट्टीत बोललेलं कळतं.

विषय जुने काढावेत. दहा ते तीस वर्षांच्या वयातल्या आठवणी सर्वांत दाट असतात. आज ऐंशीच्या पुढे असलेली बाई १९६१ साली, गोवा मुक्त झाला तेव्हा, सोळा-सतरा वर्षांची होती. घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हटलेली आरती, लावून पाहा: नातवाचं नाव न आठवणारी बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरू शकतात. "गाण्याने अल्झायमर बरा" असले व्हॉट्सॅपवरचे व्हिडिओ मात्र थाप आहेत. तीच गोष्ट स्मृतिवर्धक काढ्यांची, आणि 'बाहेरचं' म्हणून घाड्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, नेण्याची.

निघायची वेळ चहाच्या किंवा जेवणाच्या तोंडावर ठेवावी. समोर ताट आलं की निरोपाची घालमेल कमी होते.