थनाखा

म्यानमारमध्ये (पूर्वीचा ब्रह्मदेश) चेहऱ्याला व अंगाला लावतात तो, झाडाची साल उगाळून केलेला फिकट पिवळा लेप. हेच नाव झाडालाही आहे. ऊन लागू नये, अंगाला गारवा मिळावा, मुरुमे बसावीत आणि रूपही खुलावे, एवढ्या सगळ्यासाठी हा एकच लेप चालतो.

थनाखाची झाडे लिंबाच्या कुळातली. मुख्य झाड नारिंगी क्रेन्युलाटा. त्याखेरीज लिमोनिया ॲसिडिसिमा, म्हणजे महाशिवरात्रीला आपण ज्याचे फळ खातो ते कवठ, याचीही साल वापरतात. मध्य म्यानमारच्या कोरड्या, कमी पावसाच्या पट्ट्यात ही झाडे होतात. श्वेबोचा थनाखा चांगला की पखोक्कूजवळच्या शिनमादौंगचा, हा तिकडचा जुना वाद आहे. झाड फार सावकाश वाढते आणि जून झाडाची साल अधिक सुगंधी मानतात. त्यामुळे लागवड करणाऱ्याला अनेक वर्षे नुसती वाट पाहावी लागते.

उगाळण्याची रीत मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. त्यांची सहाण, ‘चाउप्यिन’, गोल व गुळगुळीत दगडाची असते आणि जादा पाणी निथळावे म्हणून तिच्या कडेने खाच कोरलेली असते. तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकायचे, वीतभर ओंडका सालीच्या बाजूने टेकवून गोल गोल फिरवायचा, की दुधट पिवळे गंध सुटते. वास चंदनाच्या जवळचा. लावताना गार लागते. वाळले की त्वचा किंचित ओढल्यासारखी होते आणि वर पिठासारखा थर उरतो. आपली सहाण देवघरात राहिली, त्यांची रोजच्या वापरात आहे.

शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या बाया जाड थर देतात. बाहेर जाताना गालांवर गोल ठिपके काढतात, कुणी ओल्या लेपात ब्रश फिरवून पानाची नक्षी उठवते. लहान मुलांना तर अंगभर फासतात. पुरुषही लावतात, पण कमी. रखाइन प्रांतात नववर्षाच्या जलोत्सवाआधी मुली एकत्र जमून थनाखा उगाळतात.

ऊन अडवण्याच्या दाव्यात तथ्य आहे, पण बेताचे. सालीत मार्मेसिन नावाचे कुमारिन वर्गातले संयुग असते आणि ते अतिनील किरणांपैकी ‘अ’ पट्ट्यातली किरणे शोषते. सालीच्या अर्कात दाहशामक आणि प्रतिऑक्सिडीकारक गुणही प्रयोगशाळेत आढळले आहेत. तरी घरी उगाळलेल्या लेपाची जाडी दर वेळी निराळी, घाम आला की तो ओघळतो, आणि ठिपक्यांबाहेरची त्वचा उघडीच राहते. तपासून आकडा छापलेल्या सनस्क्रीनच्या जागी त्याला बसवणे हा विक्रेत्यांचा उत्साह झाला.

हल्ली डबीतली पूड, वड्या आणि तयार लेपही मिळतात. सोय आहे खरी, पण त्यांत साल किती आणि बाकीचे काय, हे डबीगणिक बदलते. बाजारात ओंडक्यांच्या मोळ्या अजून विकल्या जातात; गिऱ्हाईक साल नखाने खरवडून वास घेते, मगच भाव विचारते.