कॉर्डोबाची मशीद-कॅथेड्रल: 30 युरोच्या नोंदीची पार्श्वभूमी

स्पेनच्या कॉर्डोबा शहरातल्या या वास्तूच्या (आधी मशीद, 1236 नंतर कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च) मालकीवरून सारखी भांडणं का होतात हे समजायला आठव्या शतकात जायची गरज नाही, 2006 पासून सुरुवात केली तरी चालतं. त्या वर्षी मार्चमध्ये तिथल्या चर्चने ही अख्खी वास्तू सरकारी रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावावर चढवली आणि खर्च आला साधारण 30 युरो. ना खरेदीखत, ना कोर्टाचा निकाल, बिशपच्या ऑफिसचा दाखला पुरला. म्हणजे सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे गेलात आणि दाखलाही तुम्हीच स्वतःच्या सहीने लिहून नेलात, असला प्रकार.

बरं, हे बेकायदा होतं का तर नाही, गोची तिथेच आहे. फ्रँकोच्या हुकूमशाहीच्या काळात 1946 च्या कायद्याने चर्चला ही सवलत दिली होती, फक्त प्रार्थनास्थळं त्यातून बाहेर होती. 1998 मध्ये सरकारने तो अपवाद गुपचूप काढला आणि मग नोंदींचा धडाकाच लागला. 2015 मध्ये सवलत बंद झाली. या मधल्या काळात चर्चने पहिल्यांदा नोंदवलेल्या मालमत्तांची यादी सरकारने 2021 मध्ये काढली तर आकडा निघाला जवळपास 35 हजार, आणि त्यातल्या निम्म्याच्या वर अशाच घरच्या दाखल्यावर.

चर्चचं म्हणणं असं की 1236 मध्ये कॅस्टिलच्या राजाने शहर घेतलं तेव्हाच वास्तू आम्हाला मिळाली, नोंद हा नुसता कागद. विरोधक म्हणतात राजाने वापरायला दिली, मालकीचा कागद दाखवा. मला दुसरी बाजू जड वाटते, कारण मालकी इतकी पक्की होती तर पावणेआठशे वर्षांनी घाई कसली? त्यात 2010 च्या आसपास पर्यटकांच्या पत्रकातून 'मशीद' शब्दच गायब झाला, लाखो सह्या जमल्यावर 2016 मध्ये परत आला.

जुन्या काळाचं थोडक्यात. तेव्हा कॉर्डोबावर मुस्लिम राज्य होतं, मशिदीचं बांधकाम 785 च्या सुमारास सुरू झालं. खांब बहुतेक रोमन आणि व्हिसिगॉथ (मुस्लिमांच्या आधीचे स्पेनचे राज्यकर्ते) इमारतींमधून उचललेले, त्यामुळे बुटके, मग छत उंच न्यायला कमानीवर कमान चढवली, लाल वीट आणि पांढरा दगड आलटून पालटून. असे 850 च्या वर खांब आजही उभे आहेत. 960 च्या दशकात मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा) सजवायचं ठरलं तेव्हा मोझॅइकचे तुकडे आणि कारागीर आले ते थेट कॉन्स्टँटिनोपलहून (आजचं इस्तंबूल), तिथल्या ख्रिश्चन सम्राटाकडून, बगदादचा खलिफा कॉर्डोबाचा आणि या सम्राटाचा, दोघांचाही प्रतिस्पर्धी होता म्हणून. धर्माधर्मातल्या शत्रुत्वाचं सरळसोट गणित मांडणाऱ्यांनी तो सोनेरी मिहराब एकदा नीट बघावा. आणि उलटंही झालं: 997 मध्ये कॉर्डोबाच्या सैन्याने उत्तरेकडच्या सँटियागो शहरातल्या चर्चच्या घंटा लुटून इथे आणल्या, त्यांचे दिवे केले, 1236 नंतर त्याच घंटा मुस्लिम कैद्यांच्या खांद्यावरून परत नेल्या असं जुने बखरकार सांगतात.

मधोमध जे भलंमोठं कॅथेड्रल घुसलंय ते 1523 चं. गंमत म्हणजे तेव्हा विरोध केला तो शहराच्या ख्रिश्चन पंचांनीच, कामावर जाणाऱ्या गवंड्यांना मृत्युदंडाची धमकी दिली, पण स्पेनचा सम्राट पाचवा चार्ल्स याने परवानगी दिली आणि काम सतराव्या शतकापर्यंत रखडत चाललं.

1984 मध्ये वास्तू जागतिक वारसा यादीत गेली. ऑगस्ट 2025 मध्ये आतल्या एका चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनाकक्षात) ठेवलेलं झाडलोटीचं मशीन पेटलं, तिथलं छप्पर कोसळलं, बाकी वास्तू वाचली आणि देखभाल नक्की कोणाच्या हातात असावी हा विषय परत वर आला. 2006 ची नोंद मात्र अजून कोणी रद्द केलेली नाही, तिकीटाचे पैसेही चर्चकडेच जातात.